चेंडूचा घेर

इतिहासाची साधने अनेक प्रकारची असतात. शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी यांची नावे आपण शाळेतच ऐकतो. परंतु एखादा चेंडूही इतिहास सांगू शकतो, असे कोणी म्हटले तर ते सहसा पटायचे नाही. मला ते पटले अमेरिकेतील स्त्रियांच्या बेसबॉलचा वृत्तान्त वाचताना. त्या वृत्तान्तात धाडसी मुली आहेत, धनवान व्यापारी आहेत, महायुद्ध आहे. तरी माझे लक्ष वारंवार जाऊन खिळले ते चेंडूच्या घेरावर. १९४३ साली हा घेर १२ इंच होता. तो हळूहळू कमी होत गेला आणि १९५४ साली सव्वानऊ इंचांवर आला. पुरुषांच्या चेंडूचा घेर तेवढाच असतो. ज्या वर्षी स्त्रियांच्या हाती पुरुषांएवढा चेंडू आला, नेमक्या त्याच वर्षी त्यांचा खेळ बंद पडला. असे का झाले असावे, हा प्रश्न मनात घोळू लागला आणि त्यातूनच हे लेखन झाले.

बेसबॉल हा आपल्याकडे फारसा रुळलेला खेळ नव्हे. म्हणून दोन शब्द आधी सांगतो. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. फलंदाजाने चेंडू टोलवायचा आणि एकेक बेस गाठीत पुन्हा मूळ ठाण्यावर यायचे, की एक धाव झाली. प्रतिपक्षाचे लक्ष चुकवून, फटका बसलेला नसतानाही, एखादा खेळाडू पुढच्या बेसकडे धूम ठोकतो. याला बेस चोरणे म्हणतात, आणि या एका चोरीला प्रेक्षक टाळ्या वाजवतात. चेंडू आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढाच, जेमतेम मुठीत मावणारा असतो. या खेळाचे एक सौम्य भावंड आहे, सॉफ्टबॉल. त्यातला चेंडू मोठा, बारा इंच घेराचा. तो हात खालून झुलवून फेकायचा. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील मुली हा सॉफ्टबॉल शाळांतून आणि कारखान्यांच्या संघांतून फार मोठ्या संख्येने खेळत. खरा बेसबॉल मात्र पुरुषांचा, अशी तेथील समाजाची पक्की समजूत होती.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली आणि तरुण खेळाडू सैन्यात जाऊ लागले. लहान गावांच्या संघांना माणसे मिळेनाशी झाली. मोठ्या संघांची मैदानेही ओस पडतील की काय, अशी भीती वाटू लागली. फिलिप रिग्ली हे च्युइंग गमचे मोठे कारखानदार, आणि शिकागो कब्ज या नामांकित संघाचे मालक. स्त्रियांचे संघ उभारून त्यांचे सामने भरवावेत, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. यामागे स्त्रियांच्या हक्कांचा विचार होता असे मानण्याचे कारण नाही. रिकामी मैदाने भरावीत, एवढाच व्यवहारी हिशोब होता. गरजेपोटी का होईना, पण एक दार उघडले गेले, हे खरे.

१९४३ च्या मे महिन्यात शिकागो येथील रिग्ली फील्ड या मैदानावर अखेरची निवड झाली. अमेरिका आणि कॅनडा येथून सुमारे २८० मुली आल्या होत्या. त्यांतून ६० निवडल्या गेल्या. विस्कॉन्सिन राज्यातील रेसीन व केनोशा, इलिनॉयमधील रॉकफर्ड आणि इंडियानामधील साउथ बेंड अशा चार गावांचे चार संघ झाले. आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर वेतन ठरले. कारखान्यात राबणाऱ्या पुष्कळ माणसांना तेव्हा एवढे मिळत नव्हते. निवडलेल्यांत डॉटी श्रोडर नावाची एक शेतकऱ्याच्या घरची मुलगी होती. तिचे वय होते पंधरा वर्षे. पुढे ही लीग चालली तेवढे सर्व, म्हणजे बाराही हंगाम खेळलेली ती एकमेव खेळाडू ठरली.

दार उघडले, पण उंबऱ्यावर अटींची रास होती. मुलींनी आखूड झग्यातच खेळायचे. पुरुषांसारखी विजार घालायची नाही. केस कापून आखूड करायचे नाहीत. ओठांना रंग लावायचा. प्रत्येक संघाबरोबर एक पालिका असे, आणि मुलींनी कोठे जावे, कोणाबरोबर जावे, यावर तिची देखरेख असे. एवढ्यानेही समाधान झाले नाही. दिवसभर सराव करून थकलेल्या या मुलींना हेलेना रूबिनस्टाइन यांच्या प्रसिद्ध सौंदर्यप्रसाधनगृहाकडून संध्याकाळी चालावे कसे, बसावे कसे, याचे धडे दिले जात. झग्याच्या अटीमुळे हाल झाले ते वेगळेच. बेस गाठण्यासाठी जमिनीवर अंग झोकून घसरत जावे लागते. उघड्या मांडीची कातडी सोलून निघे, आणि जखम भरण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशीचा सामना येई. आपल्याकडे शेतात भाताची लावणी करणारी बाई कासोटा घट्ट मारून कामाला उभी राहते. तिचे वस्त्र तिच्या कामाला अनुसरते. येथे वस्त्र ठरवले होते ते प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी, आणि कामाने त्याला अनुसरावे अशी अपेक्षा होती. मुलींनी ही अट पाळली. खेळायला मिळते आहे, या आनंदापुढे त्यांना ती किंमत परवडली असावी. पण ती किंमत मागणे योग्य होते, असे मला वाटत नाही.

या उपक्रमाच्या आर्थिक रचनेत एक शहाणपण होते. संघ उभारण्याचा निम्मा भार रिग्ली यांनी उचलला आणि निम्मा त्या त्या गावच्या व्यापाऱ्यांवर टाकला. त्यामुळे संघ गावाचा झाला. पेट्रोलचे नियंत्रण असल्यामुळे लोकांना दूर जाणे शक्य नव्हते. कारखान्याची पाळी संपली, की कामगार मुलाबाळांसह गावच्या मैदानावर येत. खेळाडू मुली गावातल्याच कुटुंबांत खोली घेऊन राहत. सामन्यापूर्वी दोन्ही संघ इंग्रजी ‘व्ही’ या अक्षराच्या आकारात उभे राहत. विजयाचे ते चिन्ह होते. १ जुलै १९४३ रोजी स्त्रीसैनिकांच्या भरतीसाठी रिग्ली फील्डवर तात्पुरते दिवे लावून रात्री या मुलींचे सामने झाले. त्या सुप्रसिद्ध मैदानावर दिव्यांच्या प्रकाशात झालेले हे पहिले सामने. पुरुषांच्या संघासाठी तेथे कायमचे दिवे लागायला १९८८ साल उजाडावे लागले.

१९४४ साली मात्र चालकांना मोठ्या शहरांचा मोह पडला. मिलवॉकी आणि मिनिॲपोलिस येथे संघ काढले. मिलवॉकीच्या मुलींनी त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळवले. तरी प्रचंड मैदानात प्रेक्षक तुरळकच दिसत, आणि वर्ष संपताच संघाला ग्रँड रॅपिड्स या गावी बिऱ्हाड हलवावे लागले. मिनिॲपोलिसच्या संघाला तर हंगामाच्या मध्येच घर उरले नाही. तो गावोगाव हिंडून परक्या मैदानांवर खेळत राहिला. लोक त्याला अनाथांचा संघ म्हणू लागले.

आता चेंडूकडे वळतो. आरंभी हा खेळ अर्धा सॉफ्टबॉल आणि अर्धा बेसबॉल होता. चेंडू बारा इंची, फेक हाताखालून. परंतु बेस चोरण्याची मुभा बेसबॉलची. चेंडू फेकणारी आणि फलंदाज यांच्यात ४० फूट, आणि एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ६५ फूट अंतर होते. पुरुषांच्या खेळात ही अंतरे साडेसाठ आणि नव्वद फूट असतात. दुसऱ्याच वर्षी चेंडू साडेअकरा इंचांचा झाला. १९४६ साली तो ११ इंचांवर आला आणि बाजूने हात फिरवून फेकण्यास थोडी मोकळीक मिळाली. १९४८ साली तो दहा इंचांहून जेमतेम मोठा राहिला, फेकीचे अंतर ५० फुटांवर गेले, आणि हात खांद्यावरून फिरवून फेकण्याची खरी बेसबॉलची पद्धत सुरू झाली. हे बदल करणाऱ्यांचा हेतू खेळ अधिक वेगवान व्हावा, फटके अधिक बसावेत, तिकिटे अधिक खपावीत, हाच होता. पण हेतू कोणताही असो, प्रत्येक बदलाला उत्तर द्यावे लागले ते या मुलींच्या दंडांना आणि पायांना. आयुष्यभर हाताखालून चेंडू फेकण्यात तरबेज झालेल्या मुलीने पंचविशीत नव्याने सगळे शिकावे, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने वळणदार अक्षर काढण्यासारखे आहे. कित्येकींना ते जमले नाही. ज्यांना जमले त्यांतली जीन फाउट पुढे इतकी निष्णात झाली, की १९५१ आणि १९५३ अशा दोन साली तिने सबंध सामन्यात प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला पहिला बेससुद्धा गाठू दिला नाही.

या काळातला एक सामना मला विशेष आवडतो. १९४६ च्या सप्टेंबरात रेसीन आणि रॉकफर्ड यांच्यात अजिंक्यपदाची मालिका चालू होती. सहावा सामना, रेसीनला केवळ एका विजयाची गरज. रॉकफर्डच्या कॅरोलिन मॉरिसने नऊ डावांत रेसीनला एकही फटका मारू दिला नाही. एरवी सामना नऊ डावांत संपतो. पण रेसीनची जोॲन विंटर हीदेखील हटायला तयार नव्हती. तिच्या चेंडूंवर एकंदर तेरा फटके बसले. बेसवर खेळाडू वारंवार येऊन उभ्या राहत होत्या, परंतु धाव म्हणून तिने होऊ दिली नाही. दहा, अकरा, बारा, तेरा डाव झाले. फलक दोन्हीकडे शून्यच दाखवीत होता. चौदाव्या डावात रेसीनची सोफी कुरिस पहिल्या बेसवर पोहोचली. त्या वर्षी तिने २०३ वेळा बेस चोरण्याचा प्रयत्न केला होता आणि ती केवळ दोनदा पकडली गेली होती. पुरुषांच्या मोठ्या लीगमधला एका हंगामाचा आधुनिक उच्चांक रिकी हेंडरसनचा, १९८२ सालचा, १३० चा आहे. अर्थात कुरिसला बेसांमधील अंतर कमी होते, हेही सांगितले पाहिजे. तर कुरिसने दुसरा बेस चोरला, आणि तिसऱ्याकडे ती झेपावली तोच बेटी ट्रेझाने चेंडू उजव्या बाजूस टोलवला. कुरिस तिसऱ्या बेसवर थांबलीच नाही. ती तशीच वळली आणि मूळ ठाण्यावर धुळीत घसरत शिरली. एक विरुद्ध शून्य. तिच्या मांडीवरच्या जखमा त्या क्षणी कोणाला दिसल्या नसतील.

१९४७ च्या वसंतात सर्व संघांचा सराव क्यूबातील हवाना शहरी झाला. १९४८ साली संघांची संख्या दहा झाली आणि सामने पाहण्यास नऊ लाखांहून अधिक लोक आले. हा या लीगचा परमोत्कर्ष. परंतु याच उत्कर्षाच्या दिवसांतली एक उणीव झाकून चालणार नाही. त्या दहा संघांत एकही कृष्णवर्णीय मुलगी नव्हती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये खेळू लागला आणि रंगाची भिंत तेथे फुटली. मुलींच्या लीगने ती तशीच राहू दिली. मेमी जॉन्सन ही तरुणी निवडीसाठी गेली असता तिला परत पाठवण्यात आले. पुढे टोनी स्टोन, मेमी जॉन्सन आणि कॉनी मॉर्गन या तिघी कृष्णवर्णीय पुरुषांच्या लीगमध्ये, पुरुषांच्या बरोबरीने खेळल्या. टोनी स्टोन १९५३ साली इंडियानापोलिस क्लाउन्स या संघातून मैदानात उतरली. ज्यांनी स्वतः उंबऱ्यावर अपमान सोसला त्यांच्याच अंगणात दुसऱ्यांना उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, हे वाचताना मन खिन्न होते.

१९५० नंतर उतार लागला. युद्ध संपून पुरुष खेळाडू परतलेच होते. घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि मोठ्या संघांचे सामने लोक घरबसल्या पाहू लागले. लीगचे मध्यवर्ती व्यवस्थापन मोडले आणि प्रत्येक संघ आपापला कारभार पाहू लागला. जाहिरात आणि नव्या खेळाडूंचा शोध ही दोन्ही कामे ढिली पडली. १९५२ साली हॅरिसबर्गच्या पुरुष संघाने एलिनॉर एंगल या तरुणीशी करार केला, तेव्हा बेसबॉलच्या अधिकाऱ्यांनी तो रद्द केला आणि यापुढे स्त्रियांशी करार करूच नयेत असे फर्मावले. म्हणजे बाहेरचा रस्ताही बंद झाला.

ही कारणे सर्वत्र सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. पण मी आयुष्य शाळेत घालवलेला माणूस; म्हणून मला आणखी एक कारण या सर्वांहून मोठे वाटते, आणि ते चेंडूच्या घेरातच दडलेले आहे. लीगचा चेंडू लहान होत गेला. गावोगावच्या मुलींच्या हातातला चेंडू मात्र बारा इंचीच राहिला. शाळेत शिकवला जाई तो सॉफ्टबॉल. १९४३ साली गावच्या मैदानावरून उठून मुलगी थेट संघात जाऊ शके. १९५० नंतर तिने केलेला सराव आणि संघाला हवे असलेले कौशल्य यांत एवढे अंतर पडले, की तो दोन वेगळ्या खेळांचा प्रश्न झाला. शिकाऊ मुलींचे फिरते संघ काढून पाहिले. तेही दोन वर्षांत थांबले. वरच्या वर्गाचा अभ्यासक्रम दरवर्षी कठीण करीत न्यावा आणि खालच्या वर्गांत तो विषयच शिकवू नये, तर वरच्या वर्गात बसणार कोण? १९५४ साली लीगमध्ये पाच संघ उरले होते. त्याच हंगामाच्या मध्यावर पुरुषांचा, नऊ ते सव्वानऊ इंचांचा चेंडू आला; बेसांमधले अंतर ८५ फूट आणि फेकीचे ६० फूट झाले. खेळ जवळजवळ पुरुषांएवढा झाला, आणि हंगाम संपताच लीग मिटली.

बारा वर्षांत सहाशेहून अधिक मुली या लीगमध्ये खेळल्या. त्या घरोघरी परतल्या. कोणी शिक्षिका झाली, कोणी कारखान्यात लागली, कोणी संसारात रमली. कित्येकींनी आपल्या मुलांनाही या दिवसांविषयी सांगितले नाही. सांगितले तरी ऐकणाऱ्याला खरे वाटत नसे. स्त्रिया आणि व्यावसायिक बेसबॉल ही जोडीच कोणाच्या कल्पनेत बसत नव्हती. १९८२ साली शिकागोला या खेळाडूंचा पहिला मेळावा भरला. १९८८ च्या नोव्हेंबरात कूपरस्टाउन येथील बेसबॉलच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्त्रियांच्या बेसबॉलचे दालन उघडले, आणि १९९२ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाल्यावर नातवंडांना आजीची ओळख पटली.

दरम्यान लहान मुलींचे काय चालले होते? अमेरिकेतील मुलांच्या ‘लिटल लीग’ने १९७४ साली न्यायालयीन लढ्यानंतर मुलींना प्रवेश दिला. परंतु त्याच साली त्या संस्थेने मुलींसाठी सॉफ्टबॉलची वेगळी शाखाही काढली, आणि बहुतेक मुली तिकडेच वळवल्या गेल्या. पुढचे दरवाजे उघडायचे आणि पाहुण्याला मागच्या दाराची वाट दाखवायची, असा हा प्रकार. १९९४ साली कोलोरॅडो सिल्व्हर बुलेट्स हा स्त्रियांचा व्यावसायिक संघ पुरुषांच्या संघांशी खेळू लागला. १९९७ नंतर तोही थांबला. याच्या उलट जपानकडे पाहावे. तेथे शाळाशाळांतून मुलींचे बेसबॉल संघ उभे राहिले, आणि २०२१ साली त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना कोशिएन या, मुलांच्या स्पर्धेमुळे तीर्थक्षेत्रासारख्या मानल्या गेलेल्या मैदानावर झाला. २००८ पासून २०२४ पर्यंत स्त्रियांचा विश्वचषक प्रत्येक वेळी जपाननेच जिंकला, यात मला मुळीच नवल वाटत नाही.

अमेरिकेत जस्टिन सीगल या बाईंनी हीच वाट धरली. त्या तेरा वर्षांच्या असताना त्यांच्या प्रशिक्षकाने, संघात मुलगी नको, म्हणून त्यांना खेळ सोडण्यास सांगितले होते. त्यांनी खेळ सोडला नाही. पुढे पुरुषांच्या मोठ्या संघांना प्रशिक्षण देण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लहान मुलींना बेसबॉलच खेळता यावा म्हणून त्यांनी एक संस्था काढली. तेथे वर्षानुवर्षे मुलींचे संघ तयार झाले. मग २०२४ साली त्यांनी आणि कीथ स्टाइन यांनी स्त्रियांच्या नव्या व्यावसायिक लीगची घोषणा केली. आधी अंगण आणि मग रंगमंच, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन येथे निवडचाचणी झाली, तेव्हा सहाशेहून अधिक जणी आल्या. बॉस्टन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को असे चार संघ ठरले, पुन्हा चारच. नोव्हेंबरात खेळाडूंची निवड झाली आणि केल्सी व्हिटमोर हिचे नाव सर्वप्रथम पुकारले गेले. मोने डेव्हिस ही कृष्णवर्णीय तरुणीही निवडली गेली; २०१४ साली, तेराव्या वर्षी, लहान मुलांच्या विश्वमालिकेत प्रतिपक्षाला एकही धाव न देता सामना जिंकणारी हीच मुलगी.

२०२६ च्या पहिल्या हंगामासाठी चालकांनी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड हे गाव निवडले. १९४८ साली या गावाचाही एक संघ जुन्या लीगमध्ये होता. एका हंगामापलीकडे तो गावात टिकला नव्हता. त्याच १९४८ साली शेजारच्या पिओरिया गावाकडून मेबेल ब्लेअर नावाची एक तरुणी खेळली होती. वयाची पंच्याण्णवी ओलांडलेल्या या ब्लेअरबाईंना नव्या लीगने मानाचे पद दिले. त्या खेळल्या त्या वर्षीच्या चेंडूचा घेर दहा इंच आणि वर तीन अष्टमांश इंच होता. वॉशिंग्टनच्या निवडचाचणीत मुलींच्या हाती जो चेंडू आला, तो सव्वानऊ इंचांच्या आतलाच होता. आणि त्यांतल्या पुष्कळ जणी लहानपणापासून त्याच चेंडूने खेळत आल्या होत्या.